लॉकमधून खाली उतरताना

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटला, म्हणजे लांबट अरुंद बोटीला, ताशी 4 मैलांची मर्यादा, त्यामुळे घाई नसतेच. जपायचं ते लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दोन दरवाजांमधल्या हौदात. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरठा आत आलेला असतो, पण लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. काठावरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढेच बोट ठेवा. सुकाणूवरच्यानं नजर मागे ठेवायची. बाकीच्यांनी विंडलासनं, म्हणजे झडपा फिरवायच्या हँडलनं, खालच्या दरवाजाकडच्या पाणी सोडायच्या झडपा आधी अर्ध्याच उघडायच्या. बोटीचं मागचं टोक उंबरठ्यावर अडकलं, तर पाणी उतरेल तसं नाक खाली जातं आणि बोट बुडते. तसं दिसताच ओरडून सांगा, खालच्या झडपा तत्काळ बंद करा, मग वरच्या हळूहळू उघडा. दोर पक्का बांधू नका, बोट लटकते. विंडलास दांड्यावर सोडून तर कधीच जाऊ नका. दांडा अडवणारी खिटी निसटली की विंडलास गरगरते आणि मनगट मोडतं.