पेट्रोल जनरेटर वापरताना

जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी छोटा पेट्रोल जनरेटर मोठा आधार ठरतो. पण पाऊस लागू नये म्हणून तो पडवीत किंवा जिन्याखाली ठेवायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. जनरेटर घरापासून किमान ६ मीटर दूर, सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांपासून उलट दिशेला, आणि वर चारही बाजूंनी मोकळं छप्पर हवं. शेजाऱ्यांच्या खिडक्याही बघा.

पेट्रोल भरण्याआधी मशीन बंद करून १५-२० मिनिटं थंड होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं तर भडका उडतो. शक्यतो उजेड असतानाच भरा. मेणबत्ती, कंदील जवळ नको. टाकी काठोकाठ भरू नका, उष्णतेने पेट्रोल फुगतं. सुरू करण्याआधी ऑइल तपासा.

फ्रिज, पंप वगैरे जाड एक्स्टेंशन वायरने थेट जनरेटरलाच जोडा. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये कधीच घालू नका. जनरेटरचा करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमधून लाइनवर जातो, आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. सगळ्या घराला वीज हवी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकतर लाइन, नाहीतर जनरेटर घराला जोडणारा) बसवून घ्या.