लाईट गेल्यावर लॅपटॉप किती वेळ चालेल? हिशेब असा करा

पावसाळा सुरू झाला की गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्यात एखादी फांदी तारांवर पडायला वेळ लागत नाही. वीज खात्याचे लाइनमन भर पावसात खांबावर चढतात, पण लाईट नक्की कधी येईल हे त्यांनाही सांगता येत नाही. घरून काम करणाऱ्याला किंवा ऑनलाइन परीक्षेला बसलेल्या मुलीला तेव्हा एकच गोष्ट हवी असते: हातात वेळ किती आहे?

स्क्रीनवर दिसणाऱ्या तास-मिनिटांवर विसंबू नका. तो आकडा नुकत्याच झालेल्या वापरावरून काढलेला असतो, म्हणून घटकेत तीन तास, घटकेत दीड तास दाखवतो. अ‍ॅपलने तर २०१६ मध्ये मॅकच्या मेन्यू बारमधून तो काढूनच टाकला. पुढच्या तासाभरात तुम्ही काय करणार आहात, हे यंत्राला ठाऊक नसते. तुम्हाला असते. म्हणून तुमचा अंदाज जास्त खरा ठरू शकतो.

आधी बॅटरीची आजची ताकद पाहा. हे काम लाईट असतानाच करून ठेवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. ‘पॉवर’, त्याला जोडून सी-एफ-जी ही तीन अक्षरे, मग एक जागा सोडून पुढे झुकणारी तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा एक शब्द, असे सगळे इंग्रजी स्पेलिंगने टाइप करून एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नव्या बॅटरीची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज तिच्यात मावते तेवढी. समजा पहिला आकडा ४२,००० आणि दुसरा ३१,५०० मिलिवॅट-तास आहे. म्हणजे बॅटरी नव्याच्या ७५ टक्के उरली. स्क्रीनवरचे १०० टक्के हे या ३१.५ वॅट-तासांचे असतात, मूळ ४२ चे नव्हेत. विकत घेतानाची ‘सहा-सात तास चालतो’ ही आठवण म्हणूनच दगा देते.

मग खर्च मोजा. चार्जर काढा आणि नेहमीचे काम नेहमीच्या ब्राइटनेसवर सुरू करा. पहिले काही टक्के धरू नका, कारण चार्जर काढल्यावर आकडा बराच वेळ १०० वरच रेंगाळू शकतो. ९० टक्के दिसले की घड्याळ पाहा, ७० झाले की पुन्हा पाहा. मध्ये ४२ मिनिटे गेली असतील, तर एका टक्क्याला २.१ मिनिटे पडली. ३१.५ चे २० टक्के म्हणजे ६.३ वॅट-तास, ते ४२ मिनिटांत संपले, म्हणजे लॅपटॉप साधारण ९ वॅट खातो. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. लिनक्सवर ‘यूपॉवर’ ही कमांड बॅटरीचा चालू खर्च थेट वॅटमध्ये दाखवते, तिथे घड्याळ लावून बसायची गरज नाही.

आता लाईट गेली तेव्हा ६० टक्के आहेत. शेवटचे १० टक्के हिशेबात धरूच नका. जुनी बॅटरी तिथे अचानक कोसळते आणि विंडोजही काही टक्के उरल्यावर स्वतःहून लॅपटॉप झोपवते. उरले ५० टक्के, म्हणजे १०५ मिनिटे, पावणेदोन तास.

पण लाईट गेल्यावरचे काम नेहमीचे नसते, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. लाईटबरोबर घरचा वाय-फाय राउटरही जातो. मग आपण फोनचा हॉटस्पॉट घेतो, आणि केबलने जोडला तर तो फोन लॅपटॉपमधूनच चार्ज होऊ लागतो. साध्या यूएसबी ३ पोर्टमधून ५ व्होल्टवर ०.९ अँपिअर, म्हणजे ४.५ वॅटपर्यंत जाऊ शकतात. ९ चे झाले १३.५. वापरण्याजोग्या १५.७५ वॅट-तासांना (३१.५ चे ५० टक्के) १३.५ ने भागा: १.१७ तास, म्हणजे ७० मिनिटे. एका केबलने ३५ मिनिटे नेली! फोन चार्ज असेल तर हॉटस्पॉट वाय-फायवरूनच घ्या. व्हिडिओ मीटिंगचा खर्चही याहून वेगळा, म्हणून तिचेही मोजमाप एकदा स्वतंत्र करून ठेवा. मीटिंगमध्ये आपला कॅमेरा बंद केला तर लॅपटॉपवरचा भार हलका होतो. ब्राइटनेस कमी करणे हा मात्र सगळ्यात सोपा आणि हमखास उपाय.

टक्के अचानक २५ वरून ८ वर उडी मारत असतील, तर बॅटरीतल्या मोजणाऱ्या चिपचा अंदाज सरकला असण्याची शक्यता असते. एकदा पूर्ण चार्ज करून, मग लॅपटॉप आपोआप झोपेपर्यंत वापरून, पुन्हा सलग पूर्ण चार्ज केला की बऱ्याचदा आकडा ताळ्यावर येतो. हे क्वचितच करा, वारंवार पूर्ण रिकामी केल्याने बॅटरी झिजते. बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला, तर हिशेब सोडा, लॅपटॉप बंद करा आणि चार्जर न लावता दुरुस्तीला न्या.

मेच्या अखेरीस नवा अहवाल काढा आणि खर्च पुन्हा मोजा. फुल चार्जचा आकडा मूळच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरी पावसाआधीच बदललेली बरी.