विसरायला होतंय म्हणून अँटिऑक्सिडंट गोळ्या? या चुका टाळा

आमचे पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, सगळा हिशेब तोंडपाठ असायचा. गेल्या वर्षी एकच पट्टी दोनदा लिहायला लागले. मी घाबरून मोबाईलवर वाचलं आणि कुरक्युमिन (हळदीतला पिवळा घटक), व्हिटॅमिन ई अशा अँटिऑक्सिडंट गोळ्या आणल्या, ही पहिली चूक.

मेंदू वजनाला शरीराच्या जेमतेम २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्के. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ग्लुकोज जाळून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं आणि जाळ आला की धूर आलाच, हा धूर म्हणजे फ्री रॅडिकल्स. शरीर ग्लुटाथायोनसारख्या स्वतःच्याच मालाने, म्हणजे अँटिऑक्सिडंटने, तो आवरतं, आवरेना झाला की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. मेंदूच्या पेशींचं आवरण नाजूक चरबीचं असतं, जुने शेंगदाणे खवट होतात ना, तसंच त्या चरबीचं होतं.

मग धूर गोळीने मारून टाकू असं वाटतं, पण थोडा धूर लागतो. व्यायाम केला की त्यामुळेच पेशीला संरक्षण वाढवायचा निरोप जातो. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात सी आणि ई च्या गोळ्या खाणाऱ्यांना व्यायामाचा इन्सुलिनसाठी होणारा फायदाच मिळाला नाही. १९९४ ला फिनलंडमधल्या अभ्यासात तर बीटा कॅरोटीन (हेही अँटिऑक्सिडंटच) घेणाऱ्या सिगरेटवाल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर जास्त झाला.

हळद आपल्या गावची, भाजीत रोज घालाच. पण तिच्यात कुरक्युमिन साधारण ३ टक्के, त्यातलं अंगाला लागतं फार थोडं, आणि ते अंगाला जास्त लागावं म्हणून बनवलेल्या कॅप्सूलने काहींच्या लिव्हरला त्रास झालाय, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता नको.

दुसरी चूक, साध्या तपासण्या न करणं. पप्पा शुगरसाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन घेतात, त्याने बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यात आम्ही शाकाहारी, रिपोर्ट आला तर बी१२ खूपच कमी. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, फक्त बी१२, थायरॉईड, शुगर, बीपी बघून घ्या. कानसुद्धा, कारण नीट ऐकू आलं नाही तर आपल्याला वाटतं विसरले.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे घोरण्याला गाढ झोप समजणं!! एका रात्री मी उशाशी बसले, घोरणं एकदम थांबलं, मोबाईलवर सेकंद मोजले तर बावीस, मग दचकून श्वास घेतला आणि परत तेच. हे स्लीप अ‍ॅप्निया. दर वेळी ऑक्सिजन खाली जातो, मग एकदम वर येतो, आणि या खालीवर होण्यातच फ्री रॅडिकल्स वाढतात. दहा सेकंदांवर श्वास थांबताना दिसला तर स्लीप टेस्टचं विचारा.

पप्पांना सीपॅप मशीन लागलं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासनलिका उघडी ठेवणारं. पहिले आठ दिवस मध्यरात्री मास्क काढून फेकायचे, नाकावर वळ उठायचा. आम्ही मशीन परतच करणार होतो, पण टेक्निशियनने एक साईज लहान मास्क दिला आणि ते सकाळपर्यंत झोपले. टोचत असेल तर मशीन बंद करू नका, आधी मास्क बदलून बघा.