एसईसीत एग्रिगेट कमी दिसतोय? आधी या चुका टाळा

एसईसीत (साइझ एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे प्रथिनाचे रेणू आकारानुसार वेगळे करणारी पद्धत) मोनोमर (सुटा रेणू) ९९.५ टक्के आला की रिपोर्ट लगेच पुढे जातो, पण एग्रिगेट (रेणूंचा गठ्ठा) सॅम्पलमध्ये खरंच नव्हता की कॉलममध्येच (सच्छिद्र कणांनी भरलेल्या नळीत) चिकटून बसला, हे फार थोडे जण बघतात.

एसईसीत मोठे रेणू आधी बाहेर यायचे, छोटे नंतर, एवढंच अपेक्षित असतं. पण कॉलममधल्या सिलिका कणांवर उरलेल्या सिलॅनॉल गटांवर ऋणभार असतो आणि बऱ्याच अँटिबॉडी पीएच ६.८ ला धनभारित असतात, मग त्या चिकटतात, टेलिंग येतं (पीकला मागे शेपूट येतं), आणि एग्रिगेट मोठा म्हणून सहसा त्याचंच नुकसान जास्त. म्हणून रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी किती बाहेर आलं, ते काढाच. कॉलम काढून तिथे युनियन (दोन नळ्या जोडणारा साधा जोड) लावा, तेच सॅम्पल त्याच फ्लोने सोडा आणि पीकखालचा एकूण एरिया ताडून बघा. फक्त कॉलमशिवाय पीक एकदम उंच येतो आणि डिटेक्टर सॅच्युरेट होतो, तेव्हा दोन्हीकडे इंजेक्शन कमी ठेवा, नाहीतर तुलनाच खोटी.

एरिया कमी आला की लोक मीठ वाढवत सुटतात. १०० ते २०० मिलीमोलरपर्यंत ठीक, त्यापुढे फार वाढवलं तर हायड्रोफोबिक (पाणी टाळणाऱ्या भागांचं) चिकटणं सुरू होऊ शकतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यापेक्षा मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) २०० मिलीमोलर आर्जिनिन घालून बघा, किंवा ५ ते १० टक्के आयसोप्रोपॅनॉल, पण त्याने प्रेशर चढतं, फ्लो उतरवावा लागेल.

नवा कॉलम पहिली काही इंजेक्शनं गिळतोच, एरिया स्थिर होईपर्यंत सॅम्पल मारत राहा आणि ते आकडे धरू नका. सॅम्पल ०.२२ मायक्रॉनमधून गाळायची सवय असेल तर मोठा एग्रिगेट फिल्टरवरच राहू शकतो, गढूळ असेल तर सेंट्रिफ्यूज बरा, पण तिथेही तळाशी काय बसलं ते बघा. आणि खूप डायल्यूट केलं की सुटे होणारे डायमर (दोन रेणूंच्या जोड्या) सुटतात, मग एग्रिगेट कमी झाल्याचा आनंद फुकटचा.

पेप्टाइडला अँटिबॉडीचा ३०० अँगस्ट्रॉम छिद्रांचा कॉलम लावू नका, सगळं शेवटी एका ढिगात येतं, १२५ च्या आसपासचा घ्या. इन्सुलिनच्या फार्माकोपियातल्या (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथातल्या) पद्धतीत आर्जिनिन, ॲसिटोनायट्राइल आणि ॲसेटिक ॲसिड एकत्र वापरतात ते उगाच नाही, साध्या फॉस्फेट बफरमध्ये इन्सुलिन स्वतःच हेक्झामर (सहा रेणूंचा गट) वगैरे होऊन बसतं.

फॉस्फेट कॉलममध्ये तसाच ठेवून सुट्टीवर जाऊ नका, जंतू वाढतात. आधी पाण्याने मीठ धुवा, मगच २० टक्के इथेनॉल, उलट केलंत तर मीठ आतच बसेल.