वस्तीलगतची दूषित माती: खोदण्याआधी आणि खोदताना

दूषित जमीन साफ करायची म्हटली की जेसीबी बोलावण्याची घाई होते. वास्तविक कोणते रसायन किती खोलवर मुरले आहे आणि ते भूजलापर्यंत पोहोचले आहे का, हे कळेपर्यंत कुदळसुद्धा मारू नये. तोवर जागेला कुंपण घालावे आणि उघडी माती झाकून मुलांना तेथे खेळू देऊ नये, कारण शिशासारखे विष मुलांच्या पोटात बहुधा मातीने माखलेल्या हातांवाटेच जाते.

नमुन्यांसाठी जागेची चौकटींत आखणी करून प्रत्येक चौकटीतून वरच्या 15 सेंटिमीटर थरातील आणि त्याखालील माती ऑगरने (जमिनीत भोक पाडून माती काढणाऱ्या गिरमिटाने) वेगवेगळी काढावी, दर भोकानंतर ऑगर धुवावा, आणि पिशवीवर ठिकाण, खोली व तारीख तिथेच लिहावी. सगळी माती कालवून एकच नमुना पाठवणे स्वस्त पडते खरे, पण त्यात सर्वाधिक दूषित जागा सरासरीत बुडून जाते. क्रोमियमची शंका असेल तर षट्संयुजी क्रोमियमची, म्हणजे त्याच्या अधिक विषारी रूपाची, चाचणी वेगळी मागावी. नुसत्या एकूण आकड्यावरून धोका कळत नाही.

उपाय रसायनावर ठरतो. डिझेलसारखी तेले जिवाणू खातात, मात्र त्यांना हवा, ओलावा, नत्र आणि स्फुरद पुरवावे लागते. उडून जाणारी द्रावके जमिनीतून हवा शोषून काढता येतात. धातू मात्र कुजत नाहीत: ते उचलून न्यावे लागतात, स्वच्छ थराखाली झाकावे लागतात किंवा जागीच बांधून ठेवावे लागतात, जसे शिशासाठी फॉस्फेट वापरतात. सूर्यफुले लावून शिसे खेचून घेण्याची कल्पना मोहक आहे, पण शिसे मुळांच्या वर फारसे चढतच नाही.

खोदकाम ठरलेच, तर शेजाऱ्यांना खरा त्रास धुळीचा होतो. माती ओलसर राहील इतकेच पाणी शिंपडावे, चिखल होऊन ओघळ वाहू देऊ नयेत, जोराच्या वाऱ्यात काम थांबवावे, ढीग व ट्रक ताडपत्रीने झाकावेत आणि फाटकाबाहेर पडण्यापूर्वी ट्रकची चाके धुऊन ते पाणीही गोळा करावे. माती धोकादायक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत ठिकाणीच जावी आणि प्रत्येक खेपेची पावती जपून ठेवावी. खड्डा रिकामा दिसला म्हणून भरून टाकू नये. तळातून आणि चारही भिंतींतून पुन्हा नमुने घ्यावेत, आणि अहवाल येईपर्यंत तो कुंपणात झाकूनच ठेवावा. भरावाची माती कुठून आली हेही विचारावे व तिचीसुद्धा चाचणी करावी.