खंडेनवमीचं पॉलिश आणि काळ्या प्लास्टिकवरचा चुना

गेल्या खंडेनवमीला बँकेतून घरी आले, तर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुपारभर खपून गाडीला पॉलिश केलं होतं. लाल पत्रा आरशासारखा चकाकत होता. चाकांच्या कमानींवरचं आणि दारांखालचं काळं प्लास्टिक मात्र चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं पांढरं झालं होतं. "एक जागा सोडली नाही बघ," मामा म्हणाले. खरंच सोडली नव्हती. गाडीला हार घातला, नारळ फोडला, मी काही बोलले नाही. दसरा उलटल्यावर बादली घेऊन अंगणात बसले.

पाणी मारलं की डाग गायब, प्लास्टिक काळंभोर. मी खूश. चहा पिऊन आले तर सगळे जागेवर हजर! हे प्लास्टिक गुळगुळीत नसतं, लिंबाच्या सालीसारखे त्याला बारीक खड्डे असतात. पॉलिशमधली घासणारी पूड आणि मेण त्या खड्ड्यांत वाळून बसतं. ओलं असताना दिसत नाही, वाळलं की पांढरं दिसतं. त्यामुळे डाग गेला की नाही, हे प्लास्टिक पूर्ण कोरडं झाल्यावरच ठरवायचं.

रागाच्या भरात मी भांड्यांची हिरवी घासणी उचलली, ते तुम्ही करू नका. मागच्या डाव्या चाकावर तळहाताएवढी जागा अशी गुळगुळीत झालीय की ऊन पडलं की तेवढीच चमकते. डाग गेला, पण खरखरीतपणाही गेला, आणि तो काही परत येत नाही.

नंतर जमलं ते असं. गाडी सावलीत, प्लास्टिक हाताला गार लागेल तेव्हाच काम. आधी साध्या पाण्यानं माती काढायची, नाहीतर ब्रशखाली तीच घासली जाते. मग कोमट पाण्यात गाडीचा शाम्पू आणि जुना मऊ टूथब्रश. एका वेळी वीतभरच जागा घ्यायची. ब्रश गोल गोल फिरवायचा, नंतर आडवा, मग उभा, कारण खड्ड्याला चारी बाजू असतात. जोर नको. फेस पांढरट दुधी झाला की समजायचं, पूड निघतेय. तो वाळायच्या आत धुवायचा, नाहीतर निघालेली पूड परत तिथंच बसते. मग मायक्रोफायबरच्या फडक्यानं पुसून वाळू द्यायचं आणि बघायचं. माझे निम्म्याहून जास्त डाग एवढ्यावरच गेले.

उरतं ते मेण. मला वाटलं, पाणी अजून कडक घेतलं की वितळेल. पण पॉलिशमध्ये बऱ्याचदा कार्नोबा मेण असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं, आणि ते ८० अंशांच्या वर वितळतं. एवढं गरम पाणी ओतलं तर आधी आपला हात भाजेल. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. निम्मं ते, निम्मं पाणी. आधी चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथं लावून बघायचं. गाडीवर फवारायचं नाही. फडक्यावर घेऊन डाग टिपायचा, लगेच ब्रश, लगेच ओलं फडकं. आसपास उदबत्ती-काडी नको. पत्र्यावर गेलं तर तिथलं चांगलं पॉलिशही उतरतं, आणि मग मामांना काय सांगणार?

दारांखालच्या कडेला दोन हट्टी रेघा राहिल्या होत्या. त्या गेल्या लेकीच्या कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबरानं. कोरड्या प्लास्टिकवर हलक्या हातानं, पेन्सिल खोडतो तसं. चुरा ब्रशनं झटकायचा.

शेंगदाण्याचं लोणी चोळा, असंही लोक सांगतात. तेलानं मेण सुटतं, हे खरं. पण मागे राहिलेलं तेल काढायला परत शाम्पू लागतो, आणि धूळ बसते ती वेगळीच. आमच्याकडे शेंगदाणे चटणीसाठीच बरे. पेट्रोल, थिनर, नखांचं रिमूव्हर यांना हात लावू नका. एक थेंब शेजारच्या रंगावर पडला तर डाग परवडला म्हणायची वेळ येईल.

सगळं निघाल्यावर प्लास्टिक जरा राखाडी दिसतं. मग ट्रिम ड्रेसिंग, म्हणजे अशा प्लास्टिकला परत काळेपणा आणणारं लोशन, तेलाऐवजी पाण्यात बनवलेलं, स्पंजवर वाटाण्याएवढं घेऊन पातळ पसरवायचं, उरलेलं पुसून काढायचं.

आणि पॉलिश करण्याआधी काळ्या कडांना रंगारी लावतात ती कागदी चिकटपट्टी लावायची. काम झालं की लगेच काढायची. यंदा मी मामांच्या हातात ते रीळच दिलं. त्यांनी सगळ्या कडा नीट झाकल्या, नंबरप्लेटसुद्धा, आणि पूजा होईपर्यंत ती तशीच होती.