एजंटचा चेहरा नको, फरशी मोजा

समोरचा खोटं बोलतोय का, हे चेहऱ्यावरून ओळखायच्या भानगडीत मी पडत नाही. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये ढीगभर प्रयोग एकत्र तपासले, तर माणसांचा अंदाज सरासरी 54 टक्केच बरोबर निघाला. नाणं उडवलं तरी 50! म्हणून फ्लॅट बघताना मी सरळ भिंतींनाच विचारते.

आयफोनमध्ये 'मेजर' अ‍ॅप असतं. एजंट बोलत असू द्या. कॅमेरा जमिनीवर हळू फिरवा, ठिपका कोपऱ्यात आणून अधिकची खूण दाबा, समोरच्या कोपऱ्यापर्यंत चालत जा, पुन्हा दाबा. अंधारात किंवा चकचकीत टाइल्सवर माप सरकतं, तेव्हा खिडक्या उघडा आणि प्रत्येक खोली दोनदा मोजा. पर्समध्ये साधी टेपही ठेवा. आधी दरवाजा दोन्हींनी मोजला की फोन किती चुकतोय ते कळतं.

खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या बेरजेत आतल्या भिंतींची जाडी धरा, बाल्कनी नको. रेरा, म्हणजे घरबांधणी-विक्रीच्या कायद्यातलं कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) असंच मोजतात.

परवा वाकडला "610 कार्पेट" ऐकलं, माझं भरलं 540 चौरस फूट. मी नुसती स्क्रीन पुढे केली.

"मॅडम, ते बाल्कनीसकट हो!"

पुढचं बोलणं 540 वरच झालं.